फोटोला दिलेला इसार

अमळनेर-धुळे रस्त्यावरच्या एका गावात माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, लाइटबिल अशी कामं. डिसेंबर २०२४ मधल्या एका संध्याकाळी सातच्या सुमारास जिभाऊ आत आले, मोबाइल काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "भाचा, मन्ही गाडी कोठे अडकनी, देख बरं."

मोबाइलवर ट्रकमध्ये उभ्या केलेल्या, पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या एका स्कूटरचा फोटो होता. त्याखाली व्हॉट्सॲपवरचे साठ-सत्तर मेसेज, चार ऑडिओ, आणि तिरंग्याची पट्टी असलेलं एक बिल. त्या दिवशी सकाळपासून जिभाऊंनी चार वेळा पैसे पाठवले होते. स्कूटरची ठरलेली किंमत होती २८,००० रुपये. गेलेले होते ३४,३५०.

हे प्रकरण मी त्यांच्या परवानगीने लिहितोय. नाव-गाव काढलंय. 'जिभाऊ' ठेवलंय, कारण खान्देशात प्रत्येक गल्लीत एक जिभाऊ असतात, त्यावरून कोणी कोणाला ओळखणार नाही.

आधी जिभाऊ कोण ते सांगायला हवं, नाहीतर वाचणारा 'म्हातारा माणूस, फसला' म्हणून मोकळा होईल. वय अठ्ठावन्न. आठ एकर कोरडवाहू, त्यात कापूस, थोडी ज्वारी. कापसाचे पैसे खात्यावर घेतात, खताच्या दुकानात स्कॅन करून देतात. पण त्यांची खरी ओळख गुरांच्या बाजारातली. आसपासच्या चार गावांत कोणाला बैल घ्यायचा असला की जिभाऊंना सोबत नेतात. ते आधी दात बघतात, मग खूर, मग मानेवरचं वशिंड आणि जुवाने पडलेले घट्टे. बैलाला दहा पावलं चालवतात, वळवतात, एकदा खाली बसवून उठवतात. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, कितीही बोलला तरी त्याच्याकडे न बघता बैलाकडेच बघत राहतात. सारंगखेड्याच्या यात्रेला दत्तजयंतीला जातात, घोडा घ्यायचा नसला तरी सौदे बघायला. रुमालाखाली बोटं दाबून भाव कसा ठरतो हे मला त्यांनीच शिकवलं. असा माणूस एका फोटोला पैसे देऊन बसला. म्हणूनच मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

त्यांच्या धाकट्या लेकीला धुळ्यात एका खासगी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. दुपारची पाळी सुटायला रात्रीचे आठ-साडेआठ होत, आणि त्यानंतरची एसटी मिळाली तर मिळाली. स्कूटर हवी होती, आणि लवकर हवी होती. नवी परवडत नव्हती. जुन्या चांगल्या गाड्या त्या वेळी आमच्याकडे पन्नास-पंचावन्न हजारांच्या खाली कोणी बोलत नव्हतं.

जाहिरात जिभाऊंनीच शोधली. २०२१ ची गाडी, नऊ हजार किलोमीटर चाललेली, ठिकाण धुळे, एमएच-१८ ची नंबरप्लेट, किंमत २८,०००. विकणारा 'फौजी'. फोन केल्यावर तो हिंदीत बोलला. पोस्टिंग देवळालीला, अचानक जम्मूला बदली, चार दिवसांत निघायचंय, गाडी नेता येत नाही म्हणून स्वस्तात देतोय. मग न मागता त्याने एकामागून एक कागद पाठवले: वर्दीतला फोटो, कॅन्टीनचं कार्ड, आधार, गाडीचं आरसी, विमा. ऑडिओत म्हणाला, "अंकल, हम देश के लिए जान देते हैं, आपके पच्चीस-तीस हजार का क्या करेंगे?" जिभाऊंचा सख्खा पुतण्या सैन्यात आहे. ते मला म्हणाले की हे वाक्य ऐकल्यावर पुढचं काही विचारायची लाज वाटली.

गाडी बघायला येतो म्हटल्यावर उत्तर आलं की कॅम्पात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. पण काळजी नको, आर्मीच्या ट्रान्सपोर्टने गाडी घरपोच येईल, बघा, चालवा, पटली तरच पैसे द्या. फक्त पाठवणीचे २,१५० आधी. ते गाडीच्या किमतीतून वजा.

सकाळी अकरा वाजता २,१५० गेले. साडेबाराला पुठ्ठ्यातल्या गाडीचा फोटो आला, सोबत मागणी: गेटपासची अनामत ६,५००, गाडी उतरली की लगेच परत. गेले. पावणेचारला ट्रकचा ड्रायव्हर म्हणवणाऱ्याचा फोन आला. तो धुळ्याच्या अलीकडे पोहोचला होता म्हणे, पण कागदावर 'पूर्ण रक्कम जमा' असा शिक्का नाही, त्यामुळे चेकपोस्टवर गाडी अडेल. किमतीतले १२,८५० आत्ता टाका, उरलेले गाडी बघून. गेले. संध्याकाळी सहाला कळलं की सिस्टिममध्ये ती रक्कम 'चुकीच्या कोडखाली' गेली. तेवढीच पुन्हा टाकली तर दोन्ही जुळतील आणि जादा रक्कम दहा मिनिटांत परत येईल. पुन्हा १२,८५०. त्यानंतर सातपर्यंत फक्त 'गाडी थोडी अडकली आहे'.

लोक मला विचारतात की तिसऱ्या-चौथ्या वेळी तरी कळायला नको होतं का. ज्याने बोअर मारलाय त्याने हे विचारू नये. तीनशे फुटांवर पाणी लागलं नाही की शेतकरी म्हणतो का, झालं, बंद करा? तो म्हणतो अजून पन्नास फूट. पन्नासही कोरडे गेले की अजून पन्नास, कारण आता थांबलं तर आधीचे साडेतीनशे फुकट. जिभाऊ चौथ्या वेळी स्कूटरसाठी पैसे देतच नव्हते. ते आधीचे तीन हप्ते वाचवत होते.

पण पहिले २,१५० का दिले, हा जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला त्यांच्या बैलबाजारातच सापडलं. जिभाऊ सौदा ठरला की इसार देतात. इसार म्हणजे शब्द. इसार घेतला की हेडी तो बैल दुसऱ्याला दाखवत नाही. आणि इसार देऊन घेणारा फिरला तर इसार जातो. पिढ्यानपिढ्या चाललेली चोख रीत आहे ही, आणि जिभाऊंच्या डोक्यात २,१५० हा इसारच होता. फरक एवढाच की बाजारात इसार देताना बैल समोर असतो, हेडीच्या गावचे चार लोक आजूबाजूला असतात, दलाल दोघांनाही ओळखतो, आणि सौदा झाला की बाजार समितीची पावती फाटते. हेडीने आज लबाडी केली तर पुढच्या बाजारी त्याला तिथेच उभं राहायचं असतं. इसाराच्या मागे हे सगळं उभं असतं म्हणून इसार चालतो. फोनवरच्या फौजीने त्यातलं काहीच दिलं नाही, फक्त इसार मागितला. जिभाऊ अडाणी होते म्हणून नाही फसले. त्यांना जी रीत नीट येत होती, तीच समोरच्याने धरली.

आता त्या संध्याकाळी काय केलं ते.

पहिल्यांदा मी जिभाऊंना त्या माणसाला शिव्या द्यायला बंदी केली. नंबर ब्लॉक करायचा नाही, चॅट पुसायचं नाही. सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढले. चारही व्यवहारांचे बारा अंकी यूटीआर क्रमांक (म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक), वेळ आणि रक्कम एका कागदावर लिहिली. मग १९३० ला फोन. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक. पहिल्या दोन वेळी लागला नाही, तिसऱ्या वेळी लागला तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. बाईंनी शांतपणे यूटीआर उतरून घेतले आणि तक्रारीचा क्रमांक मेसेजने आला. त्याच रात्री राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली, पुरावे जोडले.

घाई कशासाठी, हे जिभाऊंना मी असं समजावलं: पैसा पाटाच्या पाण्यासारखा पुढे सरकतोय. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, शेवटी कुठल्या तरी एटीएममधून हातात. मधल्या एखाद्या बारीला दार लावता आलं तर तिथे साचलेलं आपलं. १९३० वर तक्रार गेली की ती त्या साखळीतल्या बँकांपर्यंत पोहोचते आणि ज्या खात्यात रक्कम अजून पडून असेल तिथे ती रोखली जाते. जिभाऊंचे पहिले तीन हप्ते निघून गेले होते. चौथे १२,८५० एका खात्यात सापडले, तिथे रोखले गेले. सहाचा व्यवहार, सात-वीसची तक्रार, म्हणून. सकाळी तक्रार करू म्हटलं असतं तर तेही गेले असते असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) फसवणुकीचं, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड, संगणकाच्या साधनाने दुसराच माणूस असल्याचं भासवून फसवल्याबद्दल. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बँकेतही गेलो. तिथे जिभाऊंचा राग अनावर झाला, कारण मॅनेजर म्हणाले की पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत. पण मॅनेजरचं चूक नव्हतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं, त्यात बँकेबाहेरच्या कोणी तुमच्या नकळत खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. ते 'नकळत' झालेल्या व्यवहारांसाठी. आपण होऊन पाठवलेला पैसा त्यात बसत नव्हता. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस बँकेच्या दारात आठ दिवस घालवतो आणि खरं काम राहून जातं.

रोखलेले १२,८५० जिभाऊंना परत मिळायला मे उजाडला. मधे कोर्टाचा आदेश लागला, दोन हेलपाटे झाले, एकदा कागदावर खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला.

माझ्या मनाला लागलेली गोष्ट वेगळीच होती. मी त्याच रात्री तो एमएच-१८ चा नंबर परिवहनच्या ॲपवर टाकून बघितला. मला वाटलं होतं नंबर खोटा निघेल. नंबर खरा होता. तेच मॉडेल, २०२१ ची नोंदणी, विमाही चालू. म्हणजे जिभाऊंनी आधी येऊन मला 'नंबर तपास' म्हटलं असतं, तर मी घाईघाईत 'गाडी बरोबर आहे' म्हणून सांगितलं असतं! नीट बघितल्यावर कळलं. ॲपवर मालकाच्या नावाची काही अक्षरं झाकलेली असतात. जी दिसत होती ती फौजीच्या आधारवरच्या नावाशी जुळत नव्हती. आणि दुसऱ्या एका साइटवर याच गाडीची, याच फोटोंची, काही महिन्यांपूर्वीची जाहिरात सापडली. किंमत ५४,०००. कोणा खऱ्या माणसाने धुळ्यात आपली गाडी विकायला काढली होती, तिचे फोटो उचलले गेले होते. गाडी अस्तित्वात असणं आणि ती या माणसाकडे असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लेकीने रात्री घरी आल्यावर दोन मिनिटांत आणखी एक दाखवलं. "आबा, जाहिरातीतल्या गाडीचे आरसे चांदीसारखे आहेत, पुठ्ठ्यातून दिसतोय तो काळा." जिभाऊ गप्प बसले. मग म्हणाले, "बैल लेवाले गया तं दात देखस, आनि आठे आरसाबी नही देखा."

आणि पैसे? चार हप्ते तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर गेले होते, त्यात एक बाईचं नाव. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव येतंच. जिभाऊंनी ते बघितलं होतं, विचारलंही होतं. उत्तर मिळालं, "कॅशियर मॅडम का खाता है." वर्दीतल्या माणसाच्या तोंडून ते खरं वाटलं. त्या फोटोतला जवानही बहुधा खराच असावा. त्याचे कागद कुठून तरी याच्या हाती लागले असणार. म्हणून त्या नावाने गावात बोंब मारायची नाही, हे मी जिभाऊंच्या पुतण्याला बजावलं. तो त्या जवानाला फेसबुकवर शोधायला निघाला होता.

यातला एक धागा तेव्हा मी पुरता ओढला नाही. गेटपाससाठी म्हणून जिभाऊंनीही आपलं आधार दोन्ही बाजूंनी पाठवलं होतं. ते मी तक्रारीत लिहिलं, त्यांचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं, आणि विसरलो. पुढे येईल.

चौथ्या दिवशी नवा फोन. 'सायबर सेल, दिल्ली'. तुमची तक्रार आमच्याकडे आली आहे, पैसे सापडलेत, फाइल चार्ज १,५०० भरा. फसलेल्याला पुन्हा फसवायचा हा नेहमीचा दुसरा अंक. जिभाऊंनी स्पीकर लावला आणि अहिराणीत विचारलं, "कोनता गावना शे रे भो तू?" पलीकडे शांतता. पुन्हा विचारलं. फोन कट. सेंटरमधली पोरं हसली, जिभाऊही त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. मात्र ही युक्ती पाळायची म्हणून कोणी लिहून ठेवू नये. अहिराणी बोलणारा ठगही असू शकतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी पुन्हा स्कूटर शोधली, आणि पुन्हा ऑनलाइनच. मला आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, बाजारात एकदा लाथाळ बैल मिळाला म्हणून बाजार सोडतात का.

या वेळचा विकणारा जळगावचा. फोनवर अगदी तुसडा. किंमत ५२,०००. डाव्या बाजूला पोचा आहे, मागचा टायर बदलावा लागेल, हे त्याने आपण होऊन सांगितलं. इसार पाठवू का विचारल्यावर म्हणाला, "नको. येऊन बघा. पटली तर घ्या, नाहीतर चहा पिऊन जा." आरसीचा फोटो मागितला तर उलट त्यानेच विचारलं, तुम्ही कोण, कुठले, आणि फोटो कशाला हवा? जिभाऊंना तो संशयी वाटला. मला तो आवडला. पहिल्याने न मागता पाच कागद दिले होते आणि पत्ता एकही नाही. याने कागद एकही दिला नाही, पण काव्यरत्नावली चौकाजवळचं घर सांगितलं.

रविवारी अमळनेरहून रेल्वेने जळगावला गेलो. जिभाऊंचा मावसभाऊ तिथे राहतो, तो ओळखीचा मेस्तरी घेऊन आला. जिभाऊ त्या दिवशी पुन्हा आपल्या मूळच्या रूपात होते. गाडीभोवती दोनदा फिरले, मालक बोलत होता तेव्हा गाडीकडेच बघत राहिले. इंजिन थंड असताना चालू करायला लावलं. मेस्तरीने चेसिस नंबर पुसून आरसीशी जुळवला, मग इंजिन नंबर. मी ॲपवर विमा आणि थकलेले ई-चलान बघितले. दोन निघाले, मालकाने तिथेच भरले.

चहा पिताना त्याचा तुसडेपणा उलगडला. महिनाभर आधी त्याला एक 'ग्राहक' भेटला होता, तोही फौजीच. गाडी न बघता घेतो म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. यूपीआयमध्ये पैसे घेताना पिन लागतच नाही, पिन लागतो तो देताना. ऐन वेळी मुलाने हात धरला म्हणून वाचला. तेव्हापासून तो आमच्यासारख्यांना भीत होता, आणि आम्ही त्याच्यासारख्यांना.

अडचण एकच निघाली. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा अजून होता. कर्ज फिटलं होतं, पण फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र देऊन तो उतरवायचा राहिला होता. मावसभाऊ म्हणाला, होईल नंतर, गाडी घेऊन टाका. जिभाऊ नाही म्हणाले. ४९,५०० ला सौदा ठरवला, २,००० रोख इसार दिला. एका कागदावर तारीख, गाडीचा नंबर, ठरलेला भाव आणि 'बोजा उतरल्यावर बाकी रक्कम' असं लिहून दोघांच्या सह्या, मावसभाऊ आणि मालकाचा शेजारी साक्षीदार. कागद लिहिताना जिभाऊंचा चेहरा बाजारात असतो तसा होता.

नवव्या दिवशी मालकाचा फोन आला, बोजा उतरला. पुन्हा गेलो. आधी एक रुपया यूपीआयने पाठवला, स्क्रीनवरचं नाव आरसीशी जुळवलं, त्याच्या मोबाइलवर जमा झाल्याचा मेसेज बघितला, मग ४७,५००. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ मालकाने स्वतः लिहून मागितली, कारण नाव बदलेपर्यंत रस्त्यात काही झालं तर बोलावणं त्यालाच येणार. ते त्याचं बरोबर होतं. हस्तांतर त्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, आम्ही तीस दिवसांत नाव लावायला अर्ज करायचा, विमा चौदा दिवसांत नावावर करायला द्यायचा. विम्याला आम्ही दोन दिवस उशीर केला, तो माझा आळस. वरचा एक रुपया त्याने परत करायला काढला, जिभाऊंनी घेतला नाही.

लेक आता रात्री नऊपर्यंत घरी पोहोचते.

श्रावणात आमच्या सरपंचांना एक फोन आला. बुलढाणा जिल्ह्यातला कोणी तरुण होता. त्याने विचारलं, या नावाचा माणूस तुमच्या गावात राहतो का? नाव जिभाऊंचं. त्याच्याकडे जिभाऊंच्या आधारचा फोटो होता, पत्त्यासकट, आणि त्या नावाच्या 'शेतकऱ्याकडून' तो जुना रोटाव्हेटर घेत होता. सरपंचांनी त्याला धरून ठेवलं आणि जिभाऊंना बोलावून फोन हातात दिला. पलीकडचा पोरगा चिडलेला होता, मोठमोठ्याने बोलत होता, माझे नऊ हजार परत द्या म्हणत होता. जिभाऊंनी त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "पैसे कधी धाडलेस, दादा?"

"आत्ता. तासभर झाला."

"मग माझ्याशी भांडण उद्या कर. मी इथेच राहतो, घर सापडेल तुला. आधी फोन ठेव आणि १९३० लाव. लागला नाही तर परत लाव. तो बारा आकडी नंबर हाताशी घेऊन बस."